नोटीस पिरियड

२१ जून २०२४, शुक्रवार. लेकीला डे-केअरमध्ये घालून पंधरा कामाचे दिवस झाले होते आणि त्या सकाळी ती पहिल्यांदा रडली नाही.

आधीचे चौदा दिवस सगळं ठरलेलं असायचं. दारात पोचलो की ती माझी ओढणी मुठीत धरायची. मावशी तिचं एकेक बोट हळूच सोडवायच्या. मी 'टाटा' करून वळायचे, कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी पाच मिनिटं उभी राहायचे आणि रडणं थांबल्याचं ऐकू आलं की मगच कंपनीची बस पकडायला धावायचे. त्या शुक्रवारी मात्र तिने मावशींकडे बघून दोन्ही हात पुढे केले. चौदा महिन्यांचं पोर, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मला हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. हिंजवडी येईपर्यंत वाईट वाटणं संपलं होतं.

संध्याकाळी पाच चाळीसला मेल आला. आमच्या क्लायंटचं सगळं काम १ जुलैपासून खराडीच्या ऑफिसातून चालणार. आठवड्याचे पाचही दिवस. शेवटी मॅनेजरने लिहिलं होतं : 'एक्सायटिंग टाइम्स अहेड!'

पुण्यात न राहणाऱ्यांसाठी सांगते. आम्ही राहतो वाकडला. हिंजवडी शेजारीच. खराडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पंचवीसेक किलोमीटरवर. हे अंतर नकाशावर ठीक वाटतं. पण संध्याकाळी सातला तिकडून निघालात, की मधला प्रत्येक चौक तुमच्याशी वैर धरल्यासारखा वागतो. घरी पोचायला साडेआठ वाजले तर नशीब. आणि आमचं डे-केअर बंद व्हायचं सातला.

नवरा आणू शकला नसता का? तो चाकणला एका कारखान्यात आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो रात्री साडेअकराला सुटतो. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस सात वाजता लेकीला आणायला कोणीच नाही.

एचआरला विचारलं. उत्तर आलं की कंपनीच्या दृष्टीने हे रिलोकेशन नाही, कारण शहर तेच आहे. हे 'रिअलाइनमेंट' आहे. त्यामुळे कुठलाही भत्ता लागू नाही. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यानुसार पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची होती. दिवसातून चार वेळा आईला तिथे बाळाकडे जाऊ द्यायचं होतं. आमच्या कंपनीने ही सोय टाय-अप करून भागवली होती. 'खराडीतही टाय-अप आहे,' असं एचआरने कळवलं. म्हणजे मी चौदा महिन्यांच्या बाळाला रोज सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड-दोन तास गाडीतून न्यायचं आणि दिवसातून चार वेळा भेटायचं. कागदावर सोय झाली होती.

त्या रात्री लेक झोपल्यावर आम्ही डे-केअरचा करार काढला. ती कडेवर असताना, माझ्या हातातलं पेन ओढत असताना मी त्यावर सही केली होती. सॉफ्टवेअरच्या 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारावी तशी. आता पहिल्यांदा वाचला.

भरलेले पैसे असे. रजिस्ट्रेशन सहा हजार, टाय-अपमुळे दोन हजार कमी होऊन. डिपॉझिट चौदा हजार. महिन्याची फी चौदा हजार, ती तीन महिन्यांची आगाऊ, म्हणजे जून ते ऑगस्टची बेचाळीस हजार. एकूण बासष्ट हजार. आता कलम अकरा : मूल काढायचं असेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस. ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजणार. नोटीसच्या काळातली फी मूल येवो न येवो भरावी लागेल. आणि सहा महिने पूर्ण होण्याआधी काढलं, तर डिपॉझिट परत मिळणार नाही.

जून आम्ही वापरला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. रजिस्ट्रेशनवरही पाणी सोडलं. राहिले जुलै-ऑगस्टचे अठ्ठावीस हजार आणि डिपॉझिटचे चौदा. बेचाळीस हजार. आमच्या घराचा हप्ता अडतीस हजारांचा आहे. नवरा म्हणाला, "एक हप्ता आणि वर किराणा." मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

शनिवारी, २२ जूनला, मी लेखी नोटीस मेल केली आणि डे-केअरच्या मॅडमना भेटायला गेले. मॅडम चाळिशीच्या, नीटनेटक्या. स्वतः बारा वर्षं आयटीत टेस्टिंगमध्ये काढलेल्या. मला वाटलं, ह्यांना तरी कळेल.

"मला कळतंय हो," त्या म्हणाल्या. "पण पॉलिसी सगळ्यांना सारखीच. तुम्ही सही केली आहे."

"मॅडम, हा माझा निर्णयच नाही. कंपनीने दहा दिवसांची मुदत दिलीये."

"कंपनीने तुमच्याशी काय करार केलाय ते मला कसं माहीत असणार? माझा करार तुमच्याशी आहे."

याला उत्तर नव्हतं. घरी आले आणि आईला कराडला फोन लावला. ती म्हणाली, "पैशाचं नंतर बघू. मी महिनाभर येते. पण पेरण्या झाल्यात, ऑगस्टात मला परत यायलाच पाहिजे." लेक त्या डे-केअरमध्ये शेवटची गेली ती २८ जूनला. मावशींनी तिच्या पिशवीत तिचे सगळे रुमाल धुऊन, घड्या घालून दिले. मी म्हटलं, "येऊ हं आम्ही भेटायला." असं आपण म्हणतो.

जुलै महिना मी रोज रात्री कायदा वाचण्यात घालवला. हे वाचून हसू नका. आमच्या कामात एखादी गोष्ट चालेनाशी झाली की पहिला नियम असतो : डॉक्युमेंटेशन वाच. बहुतेक जण वाचत नाहीत, फॉरवर्ड विचारतात. मी वाचलं. कायद्यांची मूळ कलमं सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. कंटाळवाणी आहेत, पण आम्ही रोज वाचतो त्यापेक्षा जास्त नाहीत.

मला वाटत होतं, सही केली म्हणजे विषय संपला. तसं नसतं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, इंजिनाची आगगाडी आपल्याकडे नवी होती तेव्हाचा. त्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलं असलं, तरी समोरच्याला ती सगळीच्या सगळी आपोआप मिळत नाही. त्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त तिची वरची मर्यादा. सोप्या भाषेत, करारात बेचाळीस लिहिले असतील तर बेचाळीसच्या वर जाता येणार नाही. पण खाली किती, ते नुकसान बघून ठरणार.

ह्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ सालचा एक निकाल सापडला, कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. दिल्लीतल्या एका भूखंडाच्या लिलावातली ७८ लाखांची इसाऱ्याची रक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती. पुढे तोच भूखंड त्यांनी मूळ बोलीच्या तिपटीहून जास्त दराने, ११ कोटी ७८ लाखांना विकला. न्यायालयाने म्हटलं की भरपाई नुकसानीची असते, आणि इथे तर नुकसानच झालेलं नाही. पैसे परत करा. रात्री एक वाजता, खिचडीचं भांडं तसंच सिंकमध्ये ठेवून, मी हा निकाल वाचत होते आणि मला तो एखाद्या सिरियलसारखा रंगला होता.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणखी स्पष्ट आहे. त्यात 'अनुचित करार' अशी व्याख्याच दिली आहे. करार मोडल्याने झालेल्या नुकसानीशी अजिबात प्रमाण नसलेला दंड ग्राहकाला लावणं त्यात मोडतं. अवाजवी मोठं डिपॉझिट मागणं हेही मोडतं. मी आनंदाने नवऱ्याला उठवलं. मग पुढचं वाचलं. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत तिथे शुल्कही नाही आणि वकील न लावता स्वतःची बाजू मांडता येते. पण तारखा? खराडीहून सुट्टी कोण देणार? 'एक्सायटिंग टाइम्स' चालू होते ना.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या मुलाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, नंबर दिला आणि विचारलं, "त्यांचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं, त्याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. म्हणजे त्या क्षणापर्यंत नव्हता.

१७ जुलैला आषाढी एकादशी होती. सुट्टीचा दिवस. डे-केअरच्या अ‍ॅपवरून माझं नाव कोणी काढलेलं नव्हतं, त्यामुळे आदल्या दिवशीच्या दिंडीचे फोटो मलाही आले. कागदी टाळ, कापसाच्या दाढ्या, एक विठोबा सारखा कमरेवरचे हात काढून नाक पुसणारा. लहान बाळांच्या खोलीचा एक फोटो होता. खिडकीजवळच्या पाळण्यात एक अनोळखी बाळ बसलं होतं, डोक्यावर तिरकी टोपी. तो पाळणा माझ्या लेकीचा होता. बाजूला पिवळ्या हत्तीचं स्टिकर होतं, ते तिनेच अर्धं कुरतडलं होतं.

प्रवेश घेताना मॅडम काय म्हणाल्या होत्या ते आठवलं. "ही शेवटची सीट आहे. मागे वेटिंग लिस्ट आहे." तेव्हा मी घाबरून लगेच पैसे भरले होते.

मी फोटोचा स्क्रीनशॉट घेतला. भूखंड परत विकला गेला होता.

त्याच रात्री मेल लिहिला. पहिला मसुदा फारच खोचक होता. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "तुला पैसे पाहिजेत की जिंकायचंय?" दुसरा मसुदा साधा होता. वेटिंग लिस्ट असल्याचं तुम्ही सांगितलं होतं. सीट भरली गेलेली दिसते. कलम ७४ नुसार मी वाजवी भरपाई द्यायला तयार आहे. आपलं प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते कळवा, उरलेली रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. धमकी शेवटच्या ओळीत, 'नाइलाजाने' हा शब्द लावून.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "शनिवारी येऊन जा. वह्या घेऊन बसू."

शनिवारी दुपारी डे-केअर रिकामं होतं. छोट्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. मॅडमनी चहा मागवला आणि खरंच वही काढली. मी भांडायच्या तयारीने गेले होते. वही बघून माझी तयारी जरा सैल झाली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "जागेचं भाडं पासष्ट हजार. तीन वर्षांचा करार, त्यात दोन वर्षं लॉक-इन. मी उद्या दुकान बंद केलं तरी लॉक-इन संपेपर्यंत भाडं चालू. तुमच्या कंपनीचा तो मेल आला ना, त्या आठवड्यात माझ्याकडून किती मुलं गेली माहितीये? तीन. तिन्ही बाळांच्या खोलीतली. नऊची सहा झाली. तिघांचेही आईवडील मला म्हणाले, मॅडम, हा आमचा निर्णय नाही."

ह्याची मला कल्पनाच नव्हती. मी आपल्या एका घराचा विचार करत होते. एका मेलने वाकडमधल्या कितीतरी घरांचं गणित हललं होतं आणि ती सगळी गणितं ह्या एका वहीत येऊन पडली होती.

"पण वेटिंग लिस्ट?" मी विचारलं.

"होती चार जणांची. तिघांनी तोवर दुसरीकडे घातलं होतं. एक मिळालं, पंधरा जुलैपासून. तेही अर्ध्या दिवसाचं, नऊ हजारांत."

मग आम्ही खरंच हिशोब मांडला. दोघी आयटीतल्या, त्यामुळे मोबाइलवर शीट उघडली. नोटीस २२ जूनची, महिन्याहून कमी मुदत. म्हणून जुलैचे चौदा हजार पूर्ण त्यांचे, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये माझ्या चौदाच्या जागी त्यांना नऊ मिळणार, म्हणजे पाच हजारांचं नुकसान. एकूण एकोणीस. माझं म्हणणं, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते बाळ आलेलं आहे, त्याचे साडेचार हजार वजा करा. म्हणजे साडेचौदा.

आम्ही साडेचार हजारांवर येऊन थांबलो होतो. बेचाळीसपासून निघून. मला वाटलं, आता हेही सुटेल. मी शेवटचा मुद्दा काढला. "आणि मॅडम, मुलं कमी झाल्यावर तुमचा खर्चही कमी झाला असेल ना? तोही धरायला पाहिजे."

"झाला," त्या म्हणाल्या. चहाचा कप खाली ठेवला. "नऊ बाळांना तीन मावशी होत्या. सहांना दोन पुरतात. एक तारखेपासून एकीला नको सांगितलं. अकरा हजार वाचले."

"कुठल्या मावशी?"

त्यांनी सांगितलं. सगळ्यात नव्या त्याच होत्या. सहा महिने झालेल्या. रुमालाच्या घड्या घालणाऱ्या.

"त्यांना नोटीस…?"

मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागाने नाही. मी काय विचारतेय ते मलाच कळू द्यावं, एवढा वेळ पाहिलं.

महिनाभर मी एक वाक्य घोकत होते की नुकसान झालंच नाही तर भरपाई कसली. कायद्याने ते बरोबरच होतं. मला फक्त एक दिसलं नव्हतं. नुकसान नाहीसं होत नसतं, ते सरकतं. क्लायंटचं कंपनीवर, कंपनीचं माझ्यावर, माझं मॅडमवर. मॅडमच्या वहीत ते कमी दिसत होतं, कारण तिथून ते आणखी खाली गेलं होतं. ज्या बाईकडे कागदच नाही तिच्याकडे. मला कंपनीने काढायचं ठरवलं तर नव्वद दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. मॅडमना माझ्याकडून दोन महिने. घरमालकाला मॅडमकडून दोन वर्षं. मावशींना एक संध्याकाळ. 'उद्यापासून येऊ नका.'

मी साडेचार हजारांचा मुद्दा सोडला. उदारपणा म्हणून नाही. त्या खोलीत बसून मावशींच्या वाचलेल्या पगारातला माझा वाटा मागायला तोंड उघडेना, एवढंच. त्यांनी एकोणीस ठेवले, तेवीस हजार मला परत केले. मी मेलवर लिहून दिलं की विषय संपला. निघताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून कलम अकरा बदलतेय. सीट भरली तर पैसे परत, असं लिहीन." मग हसून म्हणाल्या, "तुमच्यासारख्या पाच जणी आल्या तर माझं अवघड आहे." त्यांनी ते खरंच बदललं की नाही, मी विचारलेलं नाही.

मावशींचा नंबर मी त्यांच्याकडूनच घेतला.

मावशी थेरगावला राहतात. फोन केला तर आधी ओळखलं नाही. मग लेकीचं नाव सांगितलं आणि पलीकडून थेट प्रश्न आला, "चालायला लागली का?" लागली होती. १२ जुलैला, आईच्या पदराला धरून. मावशी म्हणाल्या, "बघा, मी म्हणलं नव्हतं, महिन्याभरात चालंल."

आई ऑगस्टात कराडला जाणार होती. आम्हाला घरी येणारं कोणीतरी हवं होतं. नवऱ्याच्या पाळीप्रमाणे एक आठवडा सकाळी आठ ते साडेचार, एक आठवडा दुपारी एक ते नऊ. मावशी तेरा हजारांना तयार झाल्या. सगळं फोनवर ठरलं. ठेवताना मी म्हटलं, "मावशी, आपण एक कागद करू."

"कसला कागद?"

"मी तुम्हाला नको सांगितलं, तर एक महिना आधी सांगायचं. नाही सांगितलं तर महिन्याचा पगार द्यायचा."

"आणि मला जायचं आसंल तर?"

"तुम्हीही महिना आधी सांगायचं."

त्या हसल्या. "मला कोण महिनाभर आधी काम सांगतंय? मिळालं की जावं लागतं बाई."

तेही खरं होतं. मग त्यांच्या बाजूने पंधरा दिवस लिहिले. मराठीत, आठ ओळी, दोन प्रती. मावशींनी सही करायच्या आधी भाच्याकडून वाचून घेतला. मी माझ्या नोकरीचा करारसुद्धा एवढा नीट वाचलेला नाही. त्यांनी आपली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घातली, रेशनकार्डाच्या सोबत.

आठ महिने छान गेले. लेक त्यांना 'माशी' म्हणायला लागली आणि त्यांना त्याचं भारी कौतुक. मग मार्च २०२५ मध्ये पुन्हा एक मेल आला. खराडीचं काम संपलं, टीम परत हिंजवडीला, आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस. मॅनेजर बदलला होता, पण शेवटचं वाक्य साधारण तेच होतं. लेक दोन वर्षांची होत आली होती. सोसायटीच्या समोर प्ले-ग्रुप होता, दुपारपर्यंत. घर, ऑफिस, प्ले-ग्रुप सगळं दहा मिनिटांत. मावशींची गरज उरली नाही.

मी त्यांना सांगितलं. घसा कोरडा पडला होता. त्या म्हणाल्या, "बरं झालं ताई, पोरीच्या जवळ राहाल." आणि चार दिवसांनी आल्या त्या आनंदातच. पिंपळे सौदागरला जुळ्यांच्या घरी काम लागलं होतं, पंधरा हजारांचं. सोमवारपासून बोलावलं होतं.

मी म्हटलं, "जा ना मावशी. अगदी सोमवारपासून जा."

रात्री नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघंही खूश होतो. आणि मग, खरं सांगते, माझ्या मनात कलम ७४ आलं. मावशींना चार दिवसांत दुसरं काम मिळालं. तेही जास्त पगाराचं. म्हणजे नुकसान शून्य. भूखंड तिपटीने विकला गेला. वाजवी भरपाई किती? काहीच नाही. प्ले-ग्रुपचे बत्तीस हजार नुकतेच भरले होते, त्यामुळे हा विचार जरा जास्तच वेळ मनात राहिला.

शनिवारी मावशींचा शेवटचा दिवस. मी त्या दिवसापर्यंतचा पगार पाठवला. मोबाइलवर टिंग झालं. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग पिशवीतून ती प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून रेशनकार्ड, रेशनकार्डाच्या मागून कागद. घडी उलगडून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हितं महिना लिवलाय ना?"

"हो मावशी. पण तुम्हाला तर सोमवारपासून…"

"ते माझं मी बघितलं." त्या अगदी शांत होत्या. "तुम्ही सही केलीय."

हेच वाक्य नऊ महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या बाजूला बसून ऐकलं होतं. तेव्हा माझ्याकडे उत्तर शोधायला रात्री होत्या, दोन कायदे होते, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. आत्ताही ते सगळं होतं. मावशींना वाचून दाखवता आलं असतं. त्यांनी ऐकूनही घेतलं असतं, आणि कागद घडी करून परत पिशवीत ठेवला असता.

मॅडमच्या वहीतून नुकसान खाली सरकलं होतं, ते सरकायला मावशींच्या खाली कोणी नव्हतं. त्या जुलै महिन्यात त्या घरी बसून होत्या. त्या महिन्याचा हिशोब कोणाच्याच शीटमध्ये नव्हता, माझ्याही नाही. कायद्याप्रमाणे ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्या टेबलापाशी तो तोडता येईना.

मी फोन घेतला आणि तेरा हजार पाठवले. पुन्हा टिंग झालं. मावशींनी आकडा वाचला, कागद माझ्या हातात दिला. "आता हा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." मग जरा विचार करून परत घेतला. "नको, ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच. त्या जुळ्यांच्या आईला दाखवते. आसाच करून घेते."

लेक मधे आली आणि त्यांच्या साडीचा काठ मुठीत धरला. मावशी खाली बसल्या. एकेक बोट सोडवायला ह्या वेळी मी गेले.